शेऱ्याचा रकाना

— नाही, त्या खुर्चीवर नको, ती हलते. इकडे बस. आणि सायकल गेटला टेकवलीस ना? आता शेजारीण खिडकीतून बघेल आणि संध्याकाळी चिठ्ठी टाकेल — इथे लोक भांडत नाहीत, चिठ्ठ्या टाकतात. असू दे, उठू नकोस, टाकू दे चिठ्ठी. शनिवारच्या दिवशी, बेस्ट गावाहून थेट इथे झूटरमेरपर्यंत, दोन गाड्या बदलून, वर स्टेशनवरून भाड्याची सायकल — फोनवर काम झालं असतं, लोकेश. नाही उचलला, बरोबर आहे. पाच वेळा नाही उचलला. त्यावरून माणूस काहीतरी समजतो. तू नाही समजलास, तू आलास. चहा ठेवलाय. नको म्हणू नकोस, ठेवला गेलाय आता. तो झाला की निघायचं. आणि ती फाईल जरा लांब धर, कागदांजवळ कप ठेवत नाही मी कधी.

काय म्हणालास दारात — एकच प्रश्न आहे, पाच मिनिटांचं काम. दे बघू तो अपील समितीचा फॉर्म. ‘पाहणी पथकाच्या प्रमुखांनी ग्रंथालयाची नोंदवही प्रत्यक्ष कुठे आणि किती वेळ पाहिली?’ बस? एवढ्यासाठी आलास? अरे, रिपोर्टात आहे ते, पान एकोणीस. ग्रंथालयात, टेबलावर, दहा मिनिटं पाहिली मी. तेव्हा तेच उत्तर, आज तेच, आणि मंगळवारी अपिलाच्या सुनावणीत विचारलं तरी तेच. मलावीतलं एवढंसं कॉलेज, दोनशे दहा मुलं, रक्त-थुंकी तपासायला शिकतात, चांगलं काम आहे, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही — पण त्यांच्या ग्रंथालयाची नोंदवही बनावट होती, मी बनावट आहे असं लिहिलं, त्यांना ‘डी’ मिळाला. आता त्यांची पदविका बाकीच्या सहा देशांत चालत नाही, यंदाचे प्रवेश थांबले, आणि त्या ग्रंथपालाला घरी बसवलं. मिस्टर काम्वेंडो. नाव माहितीये मला. सव्वीस वर्षांची नोकरी, तेही माहितीये. तू दर वेळी सांगतोस म्हणून त्याची काही सत्तावीस होत नाहीत.

आणि ही मोजपट्टी काय आहे ते तू मला सांगणार? तू कंपनीत आलास दीड वर्षापूर्वी, तुझी स्प्रेडशीट घेऊन. मी सहा वर्षं यात आहे. सात देश, लोकेश, सात देशांचे सात कायदे — एकाकडे पदवी तीन वर्षांची, एकाकडे चार, कुणी तास मोजतं, कुणी क्रेडिट मोजतं, कुणी काहीच मोजत नाही, मंत्री सांगेल तो दर्जा. नर्स झालेली मुलगी सीमेपलीकडे चाळीस किलोमीटरवर गेली की तिचं सर्टिफिकेट म्हणजे रद्दी. म्हणून बसले सगळे एकत्र — दर्जा तपासायची एकच पद्धत, ‘ए’ म्हणजे सातही ठिकाणी ‘ए’, आणि ती बसवायचं काम आपल्या कंपनीला. चांगली गोष्ट आहे, कोण नाही म्हणतंय? पण त्या बैठकांचे मिनिट्स कुणी लिहिले? मी लिहिले. ‘ग्रंथालय’ या एका शब्दावर अडीच दिवस गेले होते, हे ठाऊक आहे तुला? एकाचं म्हणणं ग्रंथालय म्हणजे पुस्तकं, दुसऱ्याचं म्हणणं ग्रंथालय म्हणजे पासवर्ड. शेवटी त्यांच्या सचिवालयातल्या एक बाई — अडीच दिवस तोंड उघडलं नव्हतं त्यांनी — त्या म्हणाल्या, ग्रंथालय म्हणजे जिथे पुस्तक कुणी नेलं ते कुणीतरी लिहून ठेवतं ती जागा. सगळे हसले. मी नाही हसले. मी तेच वाक्य घासूनपुसून मानक क्रमांक नऊ केलं — ‘देवघेवीची सातत्यपूर्ण व विश्वासार्ह नोंद’. ते वाक्य माझं आहे. तेव्हा मानक क्रमांक नऊ मला नको समजावूस.

घे, चहा घे. साखर नाहीये, आम्ही घेत नाही. नीरजा — अगं नीरजा, तो बिस्किटांचा डबा वर नेलायस का? ऐकलंस काय म्हणाली? ‘स्ट्राक्स’. म्हणजे नंतर, म्हणजे कधीच नाही. सगळं मराठी कळतं तिला, अक्षरन् अक्षर, पण उत्तर द्यायचं डचमध्ये. सतराव्या वर्षी आईचं खोटं कुठे आहे ते शोधण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो. बरं, ते जाऊ दे.

हो, तुझ्या ड्राफ्टमध्ये ‘विश्वासार्ह’ असं होतं. आणि मी ते बदललं. हो, बदललं, लपवतेय कुठे? पथकाचा प्रमुख बदलू शकतो, नियमच आहे तसा. तू दोन दिवस तिकडे कॉम्प्युटरच्या खोलीत बसून चाळीस नोंदी मुलांच्या हजेरीशी जुळवल्यास, त्यातल्या अडतीस जुळल्या, फार छान, मी मेलमध्ये ‘गुड वर्क’ लिहिलंही होतं. पण ग्रंथालय माझ्याकडे होतं. आणि आता तुला वाटतंय की रिपोर्टवर तुझंही नाव आहे, तुझ्या नावाखाली दुसऱ्याचं मत छापलंय — अरे, नोकरीत असंच असतं. तुमच्या लोकांना ना, अन्याय फार पटकन दिसतो — म्हणजे तरुण लोकांना म्हणतेय मी. तोंड कशाला पाडतोस? तरुणांना म्हटलं मी. विमानात तूच सांगत होतास ना, तुझ्या दाखल्याची पडताळणी नऊ वेळा झाली, वडील नऊ वेळा जिल्ह्याच्या ऑफिसात गेले, एका कागदासाठी माणसाला खोटं ठरवतात म्हणून — ऐकलं मी, सगळं ऐकलं, मान हलवली. पण ती गोष्ट तुझी आहे, त्याची नाही. प्रत्येक नोंदवहीत तुला तुझे वडील दिसायला लागले तर हे काम तुला जमायचं नाही. आणि तुझं परमिट फेब्रुवारीत रिन्यू व्हायचंय ना? मी धमकी देत नाहीये. मी विचारतेय. कंपनीचं पत्र लागतं त्याला, आणि ते पत्र माझ्या टेबलावरून जातं, ही माहिती आहे, धमकी नाही. बायको तुझी तिकडे चांगल्या कंपनीत आहे, चालेल तुमचं, पण तरी.

मग? तोच फॉर्म परत कशाला पुढे करतोस? बरं, तुला कारण हवंय ना, सांगते कारण. एकच हस्ताक्षर. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच माणसाचं अक्षर, एकाच रंगाची शाई. आणि वर चहाचा डाग. खोटी नोंदवही मी लांबून ओळखते, लोकेश, तू जसा तुझ्या त्या फॉर्म्युल्यातली चूक ओळखतोस ना, तशी. कारण — आता हे मी तुला का सांगतेय — कारण मी स्वतः एक लिहिलीय. हसू नकोस. हसला नाहीस? मग ठीक. माझे बाबा प्राचार्य होते, तालुक्याच्या गावातलं कॉलेज, आणि बाहेरून मूल्यांकनाची कमिटी यायची होती. तू बघितलंच असशील, सगळीकडे तेच — आठवडाभर आधी भिंती रंगवायच्या, कुंड्या भाड्याने आणायच्या, शेजारच्या कॉलेजातून मायक्रोस्कोप आणायचे आणि त्यांच्याकडे कमिटी आली की आपले त्यांना द्यायचे. आणि ग्रंथालयाची तीन वर्षांची नोंदवही हवी होती. खरी होती, पण तिच्यात महिन्याला आठ-दहा पुस्तकं. एवढ्यावर कोण ‘ए’ देतं? मग नवी लिहायची ठरली. मी एम.ए. होऊन घरी बसले होते, तेवीस वर्षांची. अकरा दिवस लिहीत होते. सकाळी आंघोळ करून बसायचं ते जेवायला उठायचं.

आणि तुला सांगते, ते काम सोपं नाही. पाच पेनं घेतली होती मी — दोन निळी, एक काळं, एक शाईचं, आणि एक मुद्दाम संपत आलेलं, अध्येमध्ये अक्षर फिकं यायला. डाव्या हाताने लिहायची मुलांची नावं. पहिल्या वर्षाच्या मुलांचं अक्षर वेगळं, शेवटच्या वर्षाचं वेगळं. परीक्षेच्या आधी गर्दी दाखवायची, दिवाळीत शुकशुकाट. मुलींच्या नावावर जरा जास्त पुस्तकं, कमिटीला ते आवडतं. आणि कपाचं बूड ओलं करून एखाद्या पानावर टेकवायचं, गोल उमटला की अर्धवट पुसायचा, मग वही दोन दिवस गच्चीवर उन्हात. बाबा जाता-येता दारातून बघायचे, काही बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, ‘एखादी चूक करून खोड, पद्मा. इतकं नीट कुणाचं असतं?’ ‘ए’ मिळाला. फ्रेम करून लावला ऑफिसात. अजून आहे म्हणतात, कॉलेजची इमारत बदलली तरी ती फ्रेम नव्या इमारतीत नेली. माझी पहिली नोकरी त्याच फ्रेमवर लागली, ‘गुणवत्ता कक्ष’ सांभाळायला, तिथून पुणे, पुण्याहून इथे. तीस वर्षं मी लोकांच्या नोंदवह्या तपासतेय.

काय? काय म्हणालास? — हां. हो. पाच पेनं. पाच पेनं वापरली मी, तेच म्हणतेय ना. खोटं लिहिणारा पाच पेनं वापरतो. एकच पेन कोण — थांब, मधे बोलू नकोस. आमच्या कॉलेजात ग्रंथपाल होत्या सरलाबाई. सगळ्या नोंदी त्या स्वतःच करायच्या, मुलांना वहीला हात लावू द्यायच्या नाहीत — मुलं घाण करतात म्हणायच्या. त्यांचं खरं रजिस्टर अथपासून इतिपर्यंत त्यांच्याच अक्षरात, हिरव्या शाईत. माझं लिहून झालं तेव्हा बाबांनी बोलावलं त्यांना सही करायला. त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, ‘सर, माझ्या वहीत मी केव्हाही सही करीन, या वहीत नाही.’ आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. महिन्याभरात त्यांना होस्टेलच्या कोठीत पाठवलं, तांदूळ मोजायला. तिथेही वही ठेवली असणार त्यांनी. मी काही बोलले नाही. मी काय बोलणार होते? माझ्या लग्नाला आल्या, भेट म्हणून पुस्तक दिलं, आत पहिल्या पानावर माझं नाव, तारीख आणि वेळ. शुभेच्छा वगैरे काही नाही. वेळ घातली होती, सकाळी दहा पंचवीस.

हो, कळतंय मला तू काय म्हणणार आहेस. मी मूर्ख नाही. एकच हस्ताक्षर म्हणजे बनावट, हे त्या अपील समितीतल्या लोकांना सांगायला ठीक आहे. त्यांनी कधी वही लिहिलेली नाही, खरी नाही आणि खोटीही नाही. मी लिहिलीय. त्या टेबलापाशी पहिलं पान उघडलं तेव्हाच मला कळलं होतं की ही — की हा माणूस — अरे, शेऱ्याचा रकाना वाचलास का तू? तू फक्त तारखा जुळवल्यास. शेवटचा रकाना वाच. बहुतेक ठिकाणी तो रिकामाच असतो, मी माझ्या वहीत तर आखलाच नव्हता. याने भरलाय. ‘पूर, रस्ता बंद. दंड नाही.’ ‘विद्यार्थिनीला मुलगा झाला. दंड नाही.’ ‘पान एक्केचाळीस ते चव्वेचाळीस नाहीत, आधीपासूनच नाहीत, नेणाऱ्याचा दोष नाही.’ ‘शेळीने कोपरा खाल्ला, नेणाऱ्याने स्वतः सांगितलं.’ एक मुलगा होता, हेमॅटॉलॉजीचं पुस्तक चार महिने परत आलं नव्हतं — समोर लिहिलंय, ‘वारला. पुस्तक आईने आणून दिलं, पायी. दंड नाही.’ आणि त्याच्या खाली लगेच दुसऱ्या दिवशीची नोंद, तेच पुस्तक, दुसरा मुलगा, जणू काही झालंच नाही. असं कुणाला बसल्या जागी सुचत नाही, लोकेश. अकरा दिवस दिले तरी मला सुचलं नसतं. तिसऱ्या वर्षाची ती एक मुलगी, दर शुक्रवारी तेच पुस्तक न्यायची, सोमवारी आणायची, पूर्ण वर्षभर, आणि वर्षाच्या शेवटी शेरा — ‘पास झाली. आता नेत नाही.’

राग आला मला. विचार ना, कसला राग. तो माणूस समोर उभा, पांढरा शर्ट, खिशाला एकच निळं पेन, आणि काही मागत नव्हता रे. इतर कॉलेजात माणसं आपल्या चेहऱ्याकडे बघत राहतात, मॅडमना आवडलं का, मॅडमना अजून काय दाखवू — हा नुसता उभा, वही द्यायची ती दिली, संपलं. तपासा. सापडणार काही नाही, असा. मला वाटलं, याला कुणी सांगितलंय इतकं सरळ राहायला? पगार किती, पुस्तकं किती, सहाशे, त्यातली निम्मी मिशनऱ्यांनी टाकून दिलेली — आणि वही अशी. माझ्या बाबांना जमलं नाही, दोन हजार पुस्तकं होती त्यांच्याकडे.

आणि ‘डी’ लागणारच होता कुणाला तरी. हे तू कुठे बोलायचं नाहीस. एकतीस कॉलेजं झाली आणि एकालाही ‘डी’ नाही. आपला डायरेक्टर काय म्हणाला रिपोर्टाआधीच्या त्या सोमवारच्या मीटिंगमध्ये — तू ऑनलाइन होतास, कॅमेरा बंद करून — की सगळेच वर बसले तर मोजपट्टी मोजते हे दिसणार कसं? कुणाचं नाव घेतलं नाही त्याने, डच माणूस नाव घेत नाही. मग कुणाला द्यायचा? राजधानीतल्या त्या विद्यापीठाला? त्यांची नोंदवही माझ्या त्या वहीसारखीच होती, पाच पेनांची, मी बघताक्षणी ओळखली, पण तिथले कुलगुरू सात देशांच्या संयुक्त समितीवर आहेत. त्यांना ‘बी’ दिला मी. आणि या कॉलेजच्या मागे कोण होतं? एक प्राचार्या, सहाशे पुस्तकं आणि तो. मानक नऊवर ‘डी’, म्हणजे आपोआप एकूण ‘डी’ — फॉर्म्युला तुझाच आहे, तूच बसवलास तो, तेव्हा माझ्याकडे असं बघू नकोस. त्याला काढून टाकतील असं मला — नाही, वाटलं होतं. सरलाबाईंना कोठीत टाकलं तसं कुठेतरी टाकतील असं वाटलं होतं.

कोण आहे? — नीरजा? जिन्यात काय करतेयस? कधीपासून उभी आहेस तिथे? वर जा. नाही, काही झालेलं नाही, ऑफिसचं बोलतोय आम्ही. काय? डचमध्ये नको, आणि मराठीतही नको, वर जा म्हटलं ना. दार लाव.

बघितलंस? हे असं होतं. तू येतोस, बसतोस, आणि माणूस बोलत सुटतं. झाला ना चहा? निम्मा तसाच आहे, राहू दे. आता नीट ऐक. मी आत्ता जे बोलले ते बोलले, त्याला पुरावा नाही, तू मंगळवारी जाऊन सांगितलंस तर मी नाही म्हणेन आणि त्यांना माझं पटेल, कारण तीस वर्षं माझी आहेत आणि दीड वर्ष तुझं. अधिकृत गोष्ट एवढीच. नोंदवही मी ग्रंथालयात पाहिली, टेबलावर, दहा मिनिटं, चाळली आणि परत दिली. इतक्या वेळात शेरे वाचून होत नाहीत, म्हणजे मी ते वाचले नाहीत. आणि हस्ताक्षराचं जाऊ दे, शाईचं जाऊ दे, त्यावर वाद घालता येईल. डागावर नाही येणार. पान त्रेसष्टवर चहाचा डाग आहे, गोल, कपाच्या बुडाचा, अर्धवट पुसलेला. ‘पानांना कृत्रिमरीत्या जुनेपण आणण्याचा प्रयत्न’ — रिपोर्टात माझंच वाक्य आहे, त्याच वाक्यावर सगळं उभं आहे आणि ते कुणी हलवू शकत नाही. वही आणा, पान त्रेसष्ट उघडा, डाग आहे. ग्रंथालयात चहा न्यायला बंदी आहे तिथे, दारावर पाटी आहे. मग चहा आला कुठून? सांग ना. सांगू दे त्या काम्वेंडोला मंगळवारी.

हे काय आणखी? झेरॉक्स? हे त्या फॉर्मबरोबर नव्हतं. मला चष्मा — थांब. हे त्याचंच अक्षर आहे. शेवटचं पान का? आपण गेलो त्या आठवड्यातलं.

‘नोंदवही क्रमांक चौदा.’ म्हणजे हीच वही. वहीची नोंद वहीतच केलीय त्याने. ‘नेणार — डॉक्टर पद्मजा, पाहणी पथक, नेदरलँड्स. मंगळवार, दुपारी चार दहा. अतिथिगृहात. परत — बुधवार, सकाळी सात चाळीस.’

हो. थांबवलं होतं त्याने मला. वही काखेत घेऊन मी दारापर्यंत गेले होते, आणि तो म्हणाला, एक मिनिट, मॅडम. वही परत मागून घेतली, टेबलावर ठेवली, खिशातलं पेन काढलं, लिहिलं, फुंकर मारून वाळवलं आणि मग दिली. मला वाटलं, नुसती तारीख लिहिली असेल. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मी ती उघडीच ठेवून वाचत होते, तो शेळीचा शेरा पुन्हा वाचत होते, आणि कप कुठे ठेवतेय ते — रुमालाने पुसला मी. परत देताना सॉरी म्हटलं. तो म्हणाला, काही नाही, मॅडम. बस, एवढंच म्हणाला.

शेऱ्याचा रकाना. वाचते, वाचते, मला येतं वाचता. ‘पान त्रेसष्ट, चहा. पाहुण्या आहेत. दंड नाही.’

मग हे होतं ना तुझ्याकडे. हे होतं, तर माझं उत्तर कशाला हवं होतं? सरळ हेच पाठवायचंस समितीला. सायकली मारत इथे कशाला आलास, चहा कशाला घेतलास माझ्या घरचा, मला इतका वेळ बोलू कशाला दिलंस? — त्यांनी सांगितलं? काम्वेंडोंनी? काय सांगितलं?

‘आधी मॅडमना विचारा.’

आणि?

‘विसरल्या असतील.’

असं म्हणाले ते. विसरल्या असतील.

ऊठ. तो फॉर्म उचल, झेरॉक्स उचल, सगळं घे. नाही, मी काही लिहून देणार नाही, लिहायचं ते लिहून झालंय त्यांचं. विसरले नाही म्हणावं. — नको, काही सांगू नकोस. जा. कप राहू दे तिथेच. आणि दार हाताने ओढून घे, वाऱ्याने आपटतं.